शांताक्काचा तर्जुमा

कल्लेवाडीहून माळसांगवीला हाक ऐकू जाते, पण पत्र जायला आठ दिवस लागायचे. मधे नदी आहे, आणि नदीच्या मधोमध कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. आमच्या काठावर पेटीत टाकलेलं पत्र आधी भालकीला जायचं, मग बिदरला, तिथून कुठं कुठं हिंडून लातूरला, आणि शेवटी कधीतरी माळसांगवीच्या पोस्टमनच्या पिशवीत पडायचं. तोवर ज्या बारशाचं आमंत्रण असायचं ते लेकरू पालथं पडायला लागलेलं असायचं.

म्हणून लोक पत्र टाकून झालं की पोस्टाच्या खिडकीशी रेंगाळायचे. आत बसलेल्या शांताक्का मान वर न करता विचारायच्या, "काय सांगू?"

मग तोच मजकूर तोंडी सांगितला जायचा. संध्याकाळी पोस्ट बंद करून शांताक्का लेकीला भेटायला नदी ओलांडून माळसांगवीला जायच्या आणि जाता जाता निरोप पोचवायच्या. पत्र मात्र कधी हातानं नेलं नाही. "पत्राला तिकीट लावलंय, ते त्याच्या वाटेनं जाईल. निरोपाला तिकीट लागत न्हाई," हा त्यांचा नियम.

मी कल्लेवाडीच्या मराठी शाळेत सहा वर्षं मास्तर होतो. पोस्ट आमच्याच इमारतीच्या शेवटच्या खोलीत होतं. मधली भिंत पातळ. त्यामुळं शांताक्का कुणाशी काय बोलतात ते मला ऐकू यायचं आणि मी कोणता पाढा चुकीचा म्हणून घेतो ते त्यांना. मधल्या सुट्टीत त्या दारात येऊन सांगायच्या, "मास्तर, सतराचा पाढा तुमचा बी पक्का न्हाई."

ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालण्यात लगबग. चष्म्याची एक काडी कधीतरी मोडलेली, तिथं काळा दोरा बांधून तो कानामागं घेतलेला. खुर्चीवर त्या बसायच्या नाहीत. खुर्चीत टपालाची पिशवी बसायची आणि शांताक्का शेजारच्या लाकडी पेटीवर. भिंतीवर कोनाड्यात बुद्धाची वीतभर मूर्ती, तिच्यापुढं कडक भाकरीचा डबा. कुणी भुकेला दिसला की भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी हातावर, मग पुढचं बोलणं.

भाषा त्यांच्या तोंडात तीन होत्या आणि प्रत्येकीला काम वाटून दिलेलं होतं. रागावायचं कन्नडात, माया मराठीत, आणि सरकारी माणूस समोर आला की हैदराबादी थाटाची दख्खनी. तपासणीला आलेला साहेब वह्या बघून कपाळाला आठ्या घालू लागला की अक्का म्हणायच्या, "फिकर नक्को करो साब, हो जाता." आणि खरंच होऊन जायचं.

पत्रं आता फारशी कुणी लिहीत नाही. पण नोटिसा येतात, कोर्टाचे कागद येतात, नोकरीची बोलावणी येतात. ती कन्नडात नाहीतर इंग्रजीत. कल्लेवाडीत बोलायला सगळ्यांना दोन भाषा येतात, वाचायची वेळ आली की सगळे शांताक्कांकडं. त्यामुळं गावातल्या झाडून सगळ्या घरांच्या भानगडी त्यांना ठाऊक होत्या, आणि त्यातली एकही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. बांधावरून कोर्टात गेलेले दोघे भाऊ एकदा एकाच सकाळी आपापली नोटीस घेऊन आले. थोरल्याची वाचून झाली. जाता जाता तो हळूच म्हणाला, "अक्का, धाकट्याच्या कागदात काय हाय?"

"त्याच्यात त्याचं नाव हाय," अक्का म्हणाल्या.

थोड्या वेळानं धाकटा आला, त्यानंही तेच विचारलं, आणि त्यालाही तेच उत्तर मिळालं. दोघंही समाधानानं गेले. अक्कांवर गावाचा विश्वास होता तो असा. नदीच्या दोन्ही काठांवर होता.

पोस्टात येणारं वर्तमानपत्र वर्गणीदाराला देण्याआधी त्या वाचून घ्यायच्या. त्यात नदीची बातमी असली की पहिली ती. जगात कुठंतरी वरचा देश धरण बांधतोय आणि खालचा देश ओरडतोय, असं काही सापडलं की मधल्या सुट्टीत मला वाचून दाखवायच्या. नकाशात तो देश कुठं आहे ते शोधायचं काम माझं. "वरचे समदे सारखेच बगा मास्तर," त्या म्हणायच्या. "भाषा तेवढी येगळी."

त्यांना या बातम्यांची गोडी का होती ते सांगायला हवं. आमच्या नदीवर दोन बंधारे आहेत. वरच्या अंगाला माळसांगवीचा, तो महाराष्ट्राचा. खाली आमचा, तो कर्नाटकाचा. पावसाळा संपत आला की बंधाऱ्याच्या खणांत लोखंडी दारं बसवायची आणि पाणी अडवायचं. वरच्यांनी दारं घट्ट बसवली की आमच्या बंधाऱ्यात उन्हाळ्यात बेडूकसुद्धा राहायला तयार नसतात. आणि आमच्या नळाला येणारं पाणी नदीच्या पात्रातल्या विहिरीतून येतं.

मी रुजू झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी यावरून दोन्हीकडच्या साहेबांची बैठक आमच्या शाळेच्या ओसरीत झाली. खुर्च्या मांडायचं काम अर्थातच माझ्याकडं. आमचे इंजिनिअर साहेब तिकडं खाली मैसूरकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. माळसांगवीकडचे साहेब कोकणातले, त्यांना कन्नड येत नव्हतं. इंग्रजी दोघांनाही यायचं, पण बैठकीत आपल्या राज्याचीच भाषा बोलायची असं दोघांनीही ठरवून आणलेलं. मग तर्जुमा करायला पोस्टातून शांताक्कांना बोलावलं.

माळसांगवीकडून बोलायला दिगंबरराव उभे राहिले. सत्तरीचे, उंच, पांढरा फेटा. ते म्हणाले, "त्या साहेबाला सांगा, उन्हाळ्यातच कामून नदी आठवती तुमाला? पावसाळ्यात पूर आला तवा कुठं झोपलावता?"

शांताक्कांनी क्षणभर चष्म्याचा दोरा ओढला आणि कन्नडात सांगितलं, "साहेब, ते म्हणतात, तुम्ही एवढ्या उन्हातून आलात. पावसाळ्यातही एकदा या, नदी भरलेली बघायला."

साहेब खूश झाले. नक्की येईन म्हणाले. आणि मग आवाज चढवून म्हणाले, दारं काढली नाहीत तर मी वर लिहीन, मग यांचं यांनी बघावं.

अक्का मराठीत म्हणाल्या, "साहेब तुमच्या बंधाऱ्याबद्दल वर लिवणार हाईत."

कोकणातले साहेब हसून म्हणाले, "वा, चांगलंच आहे."

आता गंमत अशी की ओसरीत आणि अंगणात मिळून शंभरेक माणसं बसलेली, आणि त्या दोन साहेबांखेरीज प्रत्येकाला दोन्ही भाषा कळत होत्या. दिगंबररावांचं तर आजोळच कल्लेवाडी. त्यांची आई त्यांच्याशी मरेपर्यंत कन्नडातच बोलली. अक्का काय करतायत ते सगळ्यांना दिसत होतं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. काही जण धोतराच्या सोग्यात तोंड लपवून बसले, मी फळ्याकडं तोंड केलं. दोन तास दोन्ही साहेब एकमेकांचं कौतुक ऐकत राहिले, आणि शेवटी उरलेल्या पाण्यातलं थोडं सोडायचं ठरलं. जाताना दिगंबरराव पोस्टाच्या खिडकीशी थांबले.

"अक्का, मी येवढं चांगलं बोललो व्हतो व्हय?"

"मनात तुमच्या तसंच व्हतं, अप्पा. तोंडात येगळं आलं."

असं दोन-तीन वर्षं चाललं. अक्का तर्जुमा करतात म्हटल्यावर लोकही मोकळे सुटले. काहीही बोलावं, अक्का ते गोड करून पलीकडं देणार. बैठक म्हणजे तोंड मोकळं करून घ्यायची जागा झाली होती.

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस आला आला म्हणेपर्यंत गेला. होळीच्या आधीच आमच्या विहिरीतली मोटर पाण्याऐवजी हवा ओढायला लागली. टँकर चौथ्या दिवशी यायचा, त्याच्यापुढं घागरींची रांग शाळेच्या फाटकापर्यंत. पोरं वर्गात यायची ती रांगेतून उठून, आणि मधेच आईची हाक आली की परत रांगेत. वर माळसांगवीच्या बंधाऱ्यात मात्र छातीएवढं पाणी होतं. आमच्या काठावरून त्यांचा हिरवागार ऊस दिसायचा.

त्या उसातला दोन एकर शांताक्कांच्या जावयाचा होता. लेक सुजाता माळसांगवीला दिलेली, जावई मिलिंद. त्यांचं घर बंधाऱ्याला लागूनच. पहिल्यांदाच ऊस लावला होता त्यानं.

एका सकाळी गावातली पंधरा-वीस जवान माणसं पहारी घेऊन निघाली. वरची दारं उपटून टाकायची असं ठरवून. अक्का पोस्टाला कुलूप लावून त्यांच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेलो.

"दारं उपटलाव तर समदं पाणी एका दुपारात वाहून जाईल," त्या म्हणाल्या. "मग त्यांच्याकडं बी न्हाई आन् आपल्याकडं बी न्हाई. उद्या काय उपटणार?"

पुढं होता तो बसवराज. तापट, पण खोटं न बोलणारा. तो म्हणाला, "अक्का, तुमची लेक तिकडं उसात बसलीय. तुमी कुणाकडून बोलायलाव?"

अक्कांनी दोरा ओढला, चष्मा नीट केला.

"मी पोस्टाकडून," त्या म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत थांबा. दोन्ही साहेबांना बोलावते."

पोरं थांबली. पहारी मात्र त्यांनी घरी नेल्या नाहीत, शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. तीन दिवस मी त्या बघत शिकवत होतो.

गुरुवारची बैठक माळसांगवीच्या बंधाऱ्यावरच झाली, करंजाच्या झाडाखाली. आमचे साहेब बदलून नवे आले होते, मंड्याकडचे, दुसऱ्या एका नदीची भांडणं ऐकतच वाढलेले. माळसांगवीकडचे साहेब तेच, कोकणातले. एका बाजूला आम्ही, एका बाजूला ते, आणि मधे दगडावर शांताक्का.

आमच्या साहेबांनी पिण्यापुरतं पाणी सोडा अशी मागणी केली. अक्कांनी ती सरळ मराठीत सांगितली. दिगंबरराव उठले. उन्हानं आणि काळजीनं त्यांचाही चेहरा ओढलेला होता. ते म्हणाले, "खालच्यांनी मागायचं, वरच्यांनी द्यायचं. द्यायचं का न्हाई ते वरचा ठरवल. लईच तहान लागली आसल तर बायांना घागरी घिऊन पाठवा. भीक म्हणून येक येक घागर घालू."

नेहमीप्रमाणं लोकांचे चेहरे अक्कांकडं वळले. आता अक्का यातून काय काढतात ते बघायला काही जण हसायच्या तयारीतच होते.

अक्कांनी कन्नडात सांगायला सुरुवात केली. शब्दाला शब्द. खालचे, वरचे, घागरी, भीक, सगळं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. पत्र वाचून दाखवावं तसं.

मंड्याचे साहेब उभे राहिले. आमच्या बाजूची माणसं उभी राहिली. पण मी बघत होतो दिगंबररावांकडं. त्यांचेच शब्द त्यांना त्यांच्या आईच्या भाषेत ऐकू आले होते. ते म्हणाले, "अक्का, आज हाय तसंच सांगितलाव?"

"व्हय अप्पा. आजवर मी गाळून देत व्हते. आज नदीतच पाणी न्हाई, गाळू काय?"

तेवढ्यात आमच्या बाजूनं बसवराज ओरडला, त्यांना सांगा, आमच्या पहारी तयार आहेत, दारांच्या आधी माणसांचे पाय मोडू. अक्कांनी कोकणातल्या साहेबांकडं तोंड फिरवलं आणि तेही जसंच्या तसं मराठीत सांगितलं. माणसांचे पाय मोडू, हेही. साहेबांनी विचारलं, असं कोण म्हणालं. अक्कांनी बसवराजकडं बोट केलं. शंभर माणसं त्याच्याकडं बघायला लागली तसा तो खाली बसला.

मग एकेक जण बोलायला लागला तो अगदी तोलून. माणूस आधी मनात वाक्य जुळवायचा, अक्कांच्या तोंडाकडं बघायचा, त्यातला एखादा शब्द काढायचा आणि मग बोलायचा. जे काम इतकी वर्षं अक्का करत होत्या ते आता ज्याचं त्याला करावं लागत होतं.

अक्का एकदाच आपल्या मनानं बोलल्या. "पेपरात वाचलंय मी. दोन देशांच्या तोफा चालू व्हत्या, तरी नदीचं माप येकमेकाला कळवायचे म्हणं. आपल्याकडं तर फकस्त मोटरी चालू हाईत." हे त्यांनी आधी मराठीत सांगितलं, मग स्वतःच कन्नडात केलं. मंड्याचे साहेब हसले आणि खाली बसले.

दुपारपर्यंत ठरलं. दर सोमवारी सूर्य उगवल्यापासून जेवणवेळेपर्यंत दोन दारं उघडायची. दोन्ही बंधाऱ्यांच्या खांबांवर मापाच्या रेघा रंगवायच्या. वरचं माप खालच्या गावानं बघायचं, खालचं माप वरच्या गावानं, म्हणजे कुणाला संशय नको.

उठायच्या वेळी मागून एक जण म्हणाला, "आन् मग माझ्या उसाचं काय?" तो मिलिंद होता.

मंड्याच्या साहेबांनी विचारलं, ते काय म्हणतायत. अक्कांनी सांगितलं, "माळसांगवीचे एक शेतकरी विचारतात, माझ्या उसाचं काय." एक शेतकरी. जावई म्हणाल्या नाहीत. साहेबांनी दोन्ही हात पसरले. अक्कांनी मिलिंदकडं बघून मराठीत सांगितलं, "साहेबांकडं याचं उत्तर न्हाई."

परत येताना मी त्यांच्याबरोबर होतो. कोरड्या पात्राच्या मध्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "माझी आजी ह्याच नदीत खालच्या अंगाला पाणी भरायची, मास्तर. वरच्या अंगाला तिला पाय लावायची बंदी व्हती. वरच्यांचं भरून, जनावरं धुऊन झाली की मग तिची घागर. म्हणून खालचे म्हंजे काय ते मला कुणी समजवून सांगायची गरज न्हाई." एवढंच बोलल्या आणि पुढं चालायला लागल्या.

सोमवारी पाणी आलं. घोट्याएवढंच, पण आलं. म्हशींनी आधी ओळखलं, त्या दावी ताणायला लागल्या. दुपारी विहिरीतली मोटर पाणी ओढायला लागली तेव्हा आम्ही शाळा सोडून दिली, कारण तसंही वर्गात कुणी नव्हतं.

मापासाठी दोन्ही गावांनी मोबाईलवर एक ग्रुप काढला, त्याला नाव दिलं नदी. सकाळी खांबाचा फोटो टाकायचा एवढंच त्याचं काम. पण चार दिवसांत त्यावर गुलाबाची फुलं, सुप्रभात, लग्नाच्या पत्रिका सुरू झाल्या. अक्कांनी आवाज रेकॉर्ड करून टाकला, आधी कन्नडात, म्हणजे त्या रागावल्या होत्या हे कळलं, मग मराठीत: "हितं फुलं टाकू नका. पाणी टाका."

मिलिंदचा एक एकर ऊस कसाबसा तगला. दुसरा एकर हिरवा असतानाच त्यानं वैरणीला कापला. सुजाता आईशी बोलायची बंद झाली. आमच्या गावाकडून वरचं माप बघायचं काम अक्कांनी मागून घेतलं होतं. दर सोमवारी त्या माळसांगवीच्या बंधाऱ्यावर जायच्या. लेकीचं घर समोरच. सुजाता अंगणात कपडे वाळत घालत असली की आईला बघून आत जायची आणि दार लावून घ्यायची. अक्का फोटो काढून परत यायच्या.

"बोलली का?" मी विचारायचो.

"न्हाई. पर सोमवारीच कपडे धुवायलीय, बगा. आधी तिचा रविवार असायचा." आणि खुर्चीतली टपालाची पिशवी उघडून कामाला लागायच्या.

जूनमध्ये माझी बदली हळ्ळीखेडला झाली. त्याच सुमाराला अक्का पोस्टातून निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला दोन्ही गावं आली, दिगंबररावांनी स्वतः हार घातला. सुजाता आली नव्हती.

त्यानंतर एकदाच कल्लेवाडीला जाणं झालं, श्रावण सरता सरता. शाळेतून एक दाखला घ्यायचा होता. काम आटोपून सहज नदीवर गेलो. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, दोन्ही बंधाऱ्यांची दारं काढून ठेवलेली आणि पाणी मोकळं वाहत होतं, गुडघ्याच्या जरा खाली. अक्का पात्राच्या मध्यावर होत्या, लुगडं वर खोचून, पायातल्या चपलांसकट पाण्यातून चाललेल्या. पलीकडं काठावर सुजाता उभी होती. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात तिचाच आवाज आला.

"आये, चपला हातात घे. वाहून जातील."

मला इतक्या लांबून स्वच्छ ऐकू आलं. अक्का थांबल्या. कानाला हात लावून म्हणाल्या, "काय म्हणलीस?"

सुजाता परत म्हणाली, मोठ्यानं.

"पाण्याचा आवाज हाय गं," अक्का म्हणाल्या. "ऐकू येईना."

तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. मग अक्का वाकल्या आणि वाहत्या पाण्यात उभं राहून, सावकाश, आधी एक आणि मग दुसरी, चपला काढायला लागल्या.